आधी रिक्वेस्टचे गट पाडा, मग कॅश लावा

सगळ्या वेबसाइटला कॅशिंगचा, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून तीच पुन्हा देण्याचा, एकच नियम लावला की दोनपैकी एक होतं: कॅशचा काहीच फायदा होत नाही, नाहीतर एकाचं खातं दुसऱ्याला दिसतं. म्हणून सीडीएन (वेबसाइटच्या पुढे राहून प्रती देणारं सर्व्हरचं जाळं) किंवा एनजिनएक्स (वेब सर्व्हर) यांच्या सेटिंगला हात लावण्याआधी ॲक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टची नोंद, उघडा आणि यूआरएलचे तीन गट करा: पहिला, चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट; दुसरा, सर्वांना सारखीच दिसणारी पानं; तिसरा, लॉगिन, खातं, पेमेंट, ॲडमिन.

गट पाथच्या, म्हणजे पत्त्यातल्या डोमेननंतरच्या भागाच्या, सुरुवातीवरून ठरवा, फाइलच्या एक्स्टेन्शनवरून नाही. हे महत्त्वाचं आहे. खात्याच्या पत्त्यापुढे कुणी खोटंच 'डॉट सीएसएस' जोडलं आणि सर्व्हरने तरीही खात्याचंच पान दिलं, तर एक्स्टेन्शन बघणारी कॅश ते साठवून ठेवते. मग ती लिंक उघडणाऱ्या कुणालाही ते खासगी पान मिळतं.

पहिल्या गटातल्या फाइलच्या नावात हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला कोड) घाला आणि कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये (रिस्पॉन्ससोबत जाणारी सूचना) मॅक्स-एज 31536000 सेकंद, म्हणजे एक वर्ष, सोबत इम्युटेबल ('बदलणार नाही') द्या. फाइल बदलली की नावही बदलतं, त्यामुळे जुनी प्रत अडकून राहत नाही. दुसऱ्या गटाला एस-मॅक्सएज (सीडीएनसारख्या सामाईक कॅशसाठीची मुदत) 60 ते 300 सेकंद पुरे. जाहिरातीच्या लिंकमधले यूटीएम पॅरामीटर (पाहुणा कुठून आला ते सांगणारी जोड) कॅश-कीमधून (ज्यावरून कॅश प्रत ओळखते) वगळा, नाहीतर एकाच पानाच्या शेकडो प्रती साठतात.

तिसऱ्या गटाला नो-स्टोअर, म्हणजे 'साठवूच नका'. इथे नो-कॅश चालणार नाही, कारण त्याचा अर्थ 'साठवा, पण वापरण्याआधी विचारा' असा आहे. सेट-कुकी (ब्राउझरला कुकी देणारा हेडर) असलेला रिस्पॉन्स एनजिनएक्स मुळातच साठवत नाही. हिट रेट (कॅशमधून दिलेल्या उत्तरांचं प्रमाण) वाढवायला ही अट काढून टाकण्याचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. तो मानू नका, एकाची सेशन कुकी, म्हणजे त्याच्या लॉगिनची ओळख, सगळ्यांना जाईल.

लॉगिनवर प्रत्येक आयपीला मिनिटाला 5 रिक्वेस्टची मर्यादा घालून सुरुवात करा. एनजिनएक्स मर्यादा ओलांडणाऱ्याला 503 ('सेवा उपलब्ध नाही') हा कोड पाठवतो. तो बदलून 429 ('फार रिक्वेस्ट') करा, म्हणजे लॉगमध्ये सर्व्हरच्या बिघाडाशी गल्लत होणार नाही. सीडीएन पुढे असेल तर पाहुण्याचा खरा आयपी हेडरमधून घ्यावा लागतो, नाहीतर सगळे एकाच आयपीचे ठरून सगळेच अडतात. मात्र हा हेडर फक्त सीडीएनच्या आयपी रेंजकडून आला तरच माना.

मूळ सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये 443 पोर्ट (एचटीटीपीएसचा) फक्त सीडीएनच्या त्याच आयपी रेंजना खुला ठेवा. तो सगळ्यांना उघडा राहिला तर हल्लेखोर सीडीएनला वळसा घालून थेट आत येतो.

शेवटी दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या खात्यांनी लॉगिन करून खात्याचं पान उघडा आणि रिस्पॉन्स हेडर बघा. तिथे 'एज' हेडर दिसला तर पान कॅशमधून आलं आहे. लगेच त्या पाथचं कॅशिंग बंद करा, मग कॅश पर्ज करा, म्हणजे साठलेल्या प्रती काढून टाका. क्रम उलटा झाला तर पान पुन्हा साठवलं जाईल.