ब्रिटनमध्ये मोटार विम्याचा दावा उशिरा करावा का?

ब्रिटनमध्ये नव्याने स्थायिक होणारे आपले लोक हा प्रश्न वारंवार विचारतात. पार्किंगमध्ये गाडीला गाडी घासते, एकमेकांचे नाव आणि नंबर घेतले जातात, आपसांत मिटवायचे ठरते. आणि दोन-तीन महिन्यांनी गॅरेजचा खर्च अंदाजाच्या दुप्पट निघतो किंवा समोरचा माणूस फोन उचलेनासा होतो. आता विमा कंपनीकडे जावे का?

येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. अपघात कंपनीला कळवणे ही एक आणि नुकसानभरपाईचा दावा करणे ही दुसरी. दावा ऐच्छिक आहे; कळवणे मात्र बहुतेक सर्व पॉलिसींमध्ये अट म्हणून लिहिलेले असते, मग तुम्हाला एक पौंडही नको असला तरी. म्हणून उशीर झाला असला तरी कळवावे, आणि दावा करायचा नसल्यास 'केवळ माहितीसाठी' असे स्पष्ट लिहावे. अशी नोंदही विमा कंपन्यांच्या सामायिक माहितीसाठ्यात जाऊ शकते आणि पुढचा हप्ता वाढू शकतो, हे खरे आहे. परंतु नवी पॉलिसी घेताना गेल्या काही वर्षांतले केवळ दावे नव्हे, तर अपघातही विचारले जातात. तिथे 'नाही' असे उत्तर दिले आणि समोरच्याच्या कंपनीकडे तोच अपघात नोंदलेला निघाला, तर २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याखाली अडचण येते. उत्तर जाणूनबुजून किंवा बेफिकीरपणे चुकीचे दिले असे ठरल्यास पॉलिसी रद्दबातल होऊ शकते. त्यानंतर परवडणारा विमा मिळवणे किती कठीण होते, याची कल्पना नवख्या माणसाला नसते.

शिवाय समोरचा गप्प आहे म्हणजे प्रकरण मिटले, असे समजू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये शारीरिक इजेसाठी साधारणपणे ३ वर्षे आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी ६ वर्षे न्यायालयात जाता येते.

दावा करावा की नाही, हा मात्र बराचसा हिशेबाचा प्रश्न आहे. दुरुस्तीला ७०० पौंड लागणार असतील आणि सक्तीचा व स्वेच्छेचा मिळून एक्सेस (म्हणजे दाव्यातला तुम्ही स्वतः भरायचा वाटा) ५०० असेल, तर हातात येणार २०० पौंड. त्यासाठी पुढील काही वर्षांचा वाढीव हप्ता सोसणे मला तरी पटत नाही. भारतात गाडीच्या नुकसानीचा एक दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, सहसा शून्यावर येतो. इथे अनेक कंपन्या तो पूर्ण न काढता जमलेल्या वर्षांपैकी काही वर्षे कमी करतात. बोनसला संरक्षण घेतले असले, तरी ते सवलतीच्या टक्केवारीला असते, मूळ हप्ता वाढायचा तो वाढतोच.

चूक समोरच्याची असेल, तर थेट त्याच्या कंपनीकडे दावा करता येतो, आणि गाडीच्या नंबरावरून ती कंपनी शोधण्याची सोय आहे. त्याचा विमाच नसेल, तर मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे, म्हणजे विमा नसलेल्या चालकांनी केलेले नुकसान भरून देणाऱ्या संस्थेकडे, जावे. मात्र तुम्ही उभ्या गाडीला धडक देऊन नाव-पत्ता न ठेवता निघून गेला असाल, तर गोष्ट वेगळी. १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्यानुसार तो अपघात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, पोलिसांना कळवावा लागतो. ती मुदत उलटली असल्यास आधी वकिलाला भेटावे.

उशिराच्या दाव्यात कंपनीने पाहायचे असते ते हे, की विलंबामुळे तिचे प्रत्यक्ष काय बिघडले. कॅमेऱ्याचे चित्रण पुसले गेले का, साक्षीदार हरवला का, गाडी तपासणीआधीच दुरुस्त झाली का, समोरच्याने दुरुस्तीच्या काळात घेतलेल्या भाड्याच्या गाडीचे बिल फुगत गेले का? यांपैकी काहीच झाले नसेल, तर केवळ उशिराचे कारण पुढे करून नकार देणे कंपनीला सहज शक्य नसते, कारण येथील वित्तीय नियामकाचे नियम अवाजवी नकाराला मनाई करतात. म्हणून फोटो आणि समोरच्याशी झालेले मेसेज जपून ठेवावेत, पाहणीपूर्वी गाडी दुरुस्तीला टाकू नये, आणि विलंबाचे खरे कारण लिहावे. अपघाताची तारीख पुढे ढकलून सांगणे ही फसवणूक ठरू शकते, आणि मग उरलेला खरा दावाही बुडू शकतो.

नकार आलाच, तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. अंतिम उत्तर समाधानकारक नसेल, किंवा ८ आठवड्यांत आलेच नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे वित्तीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येते. तिथे ग्राहकाला शुल्क पडत नाही. मात्र अंतिम उत्तर मिळाल्यापासून ६ महिन्यांच्या आत जावे लागते.