डेस्कटॉप जोडायला बसण्याआधी

सुरुवात प्रोसेसरपासून नको, भिंतीतल्या प्लगपासून करा. मशीन ज्या सॉकेटवर चालणार तिथलं अर्थिंग तपासून घ्या. मल्टिमीटर हाताळायची सवय असेल तर स्वतः, नाहीतर वायरमनकडून. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाब यायला हवा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या चाळी-वाड्यांतल्या वायरिंगमध्ये तिसरी पिन बऱ्याचदा नुसती शोभेला असते. मग कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात आणि मीटर पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतो. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थला जोडलेले छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेली नसली की साधारण निम्मा दाब पत्र्यावर उतरतो. अशा वेळी एसएमपीएस बदलून काही होत नाही, दुरुस्ती भिंतीतच करावी लागते.

मग काम ठरवा. ऑफिसची कामं, टॅली, ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. फक्त प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे याची खात्री करा. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर ते नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. रायझन ७६०० मध्ये आहे, ७५००एफ मध्ये नाही. हजार-दीड हजार वाचवायला ‘एफ’ घ्यायचा आणि मदरबोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला मॉनिटर जोडून डिस्प्लेची वाट बघत बसायचं, ही चूक बिल फाडायच्या आधीच टाळता येते.

प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम ही तिघं एकत्रच निवडायची. एएमडीचं एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) म्हणजे डीडीआर४ रॅम, आणि २०२२ मध्ये आलेलं एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचं एलजीए १७०० सॉकेट दोन्ही प्रकारच्या बोर्डांवर मिळतं, म्हणून तिथे बोर्डाचं पूर्ण नाव वाचा. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, जोर लावून बसवायचा प्रयत्न करू नका. पुढे कधीतरी प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर आज नव्या मशीनसाठी एएम५ घेणं शहाणपणाचं. हातात आधीच चांगली डीडीआर४ रॅम असेल, तर मात्र एएम४ वर पैसे घालण्यात काही वावगं नाही.

रॅमच्या दोन स्टिक घ्या, चार नकोत. ३२ जीबी हवी तर १६ च्या दोन. रायझन ७००० मालिकेला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० मिळतो, चारही स्लॉट भरले की तो ३६०० वर येतो. ‘आज दोन, पुढच्या दिवाळीला आणखी दोन’ हा बेत डीडीआर५ वर तोट्याचा आहे. खोक्यावर लिहिलेला ६००० चा वेगही आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी हे रॅमच्या वेगाचं सेटिंग चालू करावं लागतं.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ सेकंडहँड मिळत असेल तर जपून. जास्त व्होल्टेजमुळे यातले काही प्रोसेसर हळूहळू खराब होत गेले. इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बायोसमधून दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण नवा बायोस पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. त्यामुळे मूळ बिल आणि शिल्लक वॉरंटी असल्याशिवाय असा प्रोसेसर घेऊ नका.

एसएमपीएसवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण लोक बजेट तिथेच कापतात. आधी साधा हिशोब करा. रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट, बाकी बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून साठ-ऐंशी वॅट. एकूण तीनशेच्या आत. इथे ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. कार्ड आरटीएक्स ४०७० असेल तर ६५० घ्या. एवढी मोकळी जागा ठेवायची कारण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या बरंच वर उसळतं, आणि हलका एसएमपीएस त्या उसळीला बंद पडतो. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतले भाग किती टिकतील ते सांगत नाही. म्हणून वॉरंटीची वर्षं बघा, पाच किंवा जास्त हवीत. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, नुसता वजनदार आकडा छापलेला एसएमपीएस ग्राफिक्स कार्डाच्या मशीनला लावू नका.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावायच्या नाहीत, एकाच कंपनीच्या वेगळ्या मॉडेललासुद्धा नाही. टोक बसतं, पण आतल्या तारांची जागा वेगळी असू शकते. मग हार्ड डिस्कला ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि डेटासकट ती जळते. नवीन कार्डांची सोळा पिनांची केबल शेवटपर्यंत दाबून बसवा आणि टोकाजवळ लगेच वाकवू नका. ती अर्धवट बसली की पिना तापून प्लास्टिक वितळतं.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत नको. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाही, आणि काही एसएमपीएस त्या क्षणी मशीन बंद करतात. घरी आणल्यावर काम सेव्ह करून, गेम किंवा लोड टेस्ट चालू असताना यूपीएसचा भिंतीचा स्विच बंद करून बघा. रिकाम्या डेस्कटॉपवर घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही.

कॅबिनेटसाठी तीन मापं वहीत लिहून न्या: ग्राफिक्स कार्डाची लांबी, कूलरची उंची आणि बोर्डाचा आकार. टॉवर कूलर १५५ ते १६५ मिलिमीटरपर्यंत उंच असतात, आणि कमी रुंदीच्या कॅबिनेटचं झाकण त्यावर बसत नाही. पुढे बंद काच असलेल्यापेक्षा जाळी असलेलं घ्या. धूळ जास्त येते, पण ब्लोअरने काढता येते. एसएसडी एम.२ एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी, घ्या. काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायच्या जागा) बंद होतात. जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर आधी बोर्डाच्या माहितीपुस्तिकेतला तो तक्ता बघा.

खोके आले की बोर्डाच्या सॉकेटचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. इंटेलच्या एलजीए सॉकेटमध्ये आणि एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, आणि वाकलेली पिन कुणी वाकवली हा वाद फोटोशिवाय मिटत नाही. मग सगळं कॅबिनेटमध्ये कोंबण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक स्टिक आणि एसएमपीएस एवढंच लावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की मशीन सुरू होतं. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक आधी काढा. ते राहिलं तर बायोसमध्येच तापमान नव्वदीला जातं.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, अशा वेळी क्रम सोडू नका. केबल कार्डाला आहे की बोर्डाला? प्रोसेसरची आठ पिनांची केबल, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली, लावली का? रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये (दोन स्टिक असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या), खट्ट आवाज येईपर्यंत बसली का? एएम५ वर पहिल्यांदा सुरू करताना रॅमची जुळणी काही मिनिटं चालते आणि तोवर पडदा काळाच असतो. घाबरून बटण दाबू नका, दहा मिनिटं थांबा. त्यानंतर बोर्डावरचे चार छोटे दिवे वाचा: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. डीरॅमवर अडकलं तर एकच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. सीपीयूवर अडकलं आणि प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बायोस बहुधा जुना आहे. एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून बोर्डाच्या फ्लॅशबॅक बटणाने तो बदलता येतो, म्हणून ते बटण असलेलाच बोर्ड घ्या.

बाहेर चाललं आणि कॅबिनेटमध्ये सुरू होऊन लगेच बंद पडलं, तर बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा छोटा खांब) शोधा. गेम खेळताना मशीन एकदम रिस्टार्ट होत असेल तर संशय एसएमपीएस, त्याच्या केबल आणि यूपीएसवर. यूपीएस वगळून थेट भिंतीवर चालवून बघा. विंडोजच्या नोंदीतला ‘कर्नल पॉवर ४१’ फक्त एवढंच सांगतो की मशीन नीट बंद झालं नाही, कारण सांगत नाही. निळा पडदा वेगवेगळ्या कोडने येत असेल तर एक्स्पो बंद करून रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. एकही चूक चालत नाही, दोन सुद्धा ‘थोड्याच’ नाहीत. ती चूक कुठल्या स्टिकची हे कळायला मग एकेक स्टिक वेगळी तपासा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर छापलेलं जीएसटी बिल घ्या. खोक्यातून आलेला नवा प्रोसेसर आणि खोक्याशिवाय सुटा विकलेला, ट्रेमधला यांत फरक आहे, ट्रेमधल्याची वॉरंटी बहुधा दुकानदाराच्या शब्दावर असते. बोर्डाच्या सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. बोर्ड वॉरंटीला पाठवताना सर्व्हिस सेंटर ते मागतं, आणि त्याशिवाय पिना वाटेतच वाकायची भीती असते.