डबा नसेल त्या दिवशी: सँडविचवाल्याकडे जेवायची रीत

मुंबईत फोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाला डबा नसेल त्या दिवशी तीन रस्ते असतात. उडप्याकडे ताटकळत उभं राहून राइस प्लेट खायची, वडापाववर भागवायचं, नाहीतर सँडविचवाला गाठायचा. राइस प्लेट खाल्ली की साडेतीनला कॉम्प्युटरसमोर डोळे मिटायला लागतात. वडापावाने पोट भरतं, पण संध्याकाळी सीएसएमटीला डोंबिवली लोकलमध्ये लटकताना छातीत जळजळ. म्हणून मी सँडविचवाल्याकडची. आमच्या सेक्शनला नवीन पोरं लागली की पहिल्या आठवड्यात त्यांना मी हे धडे देते, म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं.

आधी ठरवा, तुम्ही चवीला चाललाय की जेवायला. चारच्या भुकेला चीज चिली ग्रिल खा, माझी काही हरकत नाही. पण दुपारचं जेवण म्हणून जाणार असाल तर तुम्हाला हवी आहे भाजी. काकडी, टोमॅटो, बीट, उकडलेला बटाटा, कांदा, असली तर सिमला मिरची. मुंबईचं साधं व्हेज सँडविच हा मुळात कोशिंबिरीचाच ऐवज, दोन स्लाइसच्या मध्ये चेपलेला. घरी ताटात कोशिंबीर वाढली की नाकं मुरडणारे आमचे साहेब इथे उभ्या उभ्या अर्धी काकडी आणि जवळजवळ अख्खा टोमॅटो संपवतात, आणि त्यांना ते कळतही नाही.

गाडी कशी निवडायची? गर्दी बघून निवडा असं सगळे सांगतात. ते खरं आहे, कारण गर्दीच्या गाडीवर ब्रेड आणि बटाटे साठून राहत नाहीत. पण मी गर्दीच्या आधी फळी बघते. ज्या फळीवर तो चिरतो ती तीन-चार सँडविचांनंतर पुसतो का, आणि पुसतो ते फडकं कुठल्या रंगाचं आहे. मग चटणीचं भांडं. चांगल्या माणसाकडे ते झाकलेलं असतं, आणि उन्हाळ्यात भांड्याखाली बर्फ असतो. ताजी चटणी हिरवीगार दिसते. वर काळपट साय धरली असेल तर ती सकाळपासून उन्हात आहे. काकडी-टोमॅटो अख्खे रचून ठेवलेत आणि तुमच्यासमोर चिरतोय, हे सगळ्यात उत्तम. बीट आणि बटाटा उकडून सोलून आणलेलेच असणार, त्याला इलाज नाही, पण तेही अख्खे हवेत, आधीच चकत्या करून ठेवलेले नकोत. बीटची सकाळी कापलेली चकती कडेने सुकून वर वळते, लांबूनच कळतं. गाळा असेल तर भिंतीवर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर लावलेला असतो, तोही बघून घ्यावा. आणि वर्तमानपत्राच्या कागदावर सँडविच हातात देणारा असेल तर पुढे चला. छपाईची शाई पोटात जाते म्हणून 2018 च्या नियमांनी त्याला बंदी आहे, तरी काही जण ऐकत नाहीत.

वेळ साडेबारा ते पाऊण. एक वाजला की हुतात्मा चौकापासून बोरा बझारपर्यंत सगळी ऑफिसं एकदम खाली उतरतात आणि मग सँडविचवाल्याचे हात चालतात, डोकं चालत नाही. तुमचं ‘बटर कमी’ त्याच्या कानापर्यंतही पोचत नाही. एकच्या आधी निघता येत नसेल तर सव्वादोननंतर जा. कमी माल उरलेला असतो, पण माणूस बोलायच्या मूडमध्ये असतो.

नव्या गाडीवर पहिल्यांदा साधंच मागा. टोस्ट नाही, ग्रिल नाही, चीज नाही. ग्रिलच्या खाली काय वाटेल ते लपतं, साध्यात काही लपत नाही. आणि बनवताना मोबाइल खिशात ठेवून जरा समोर बघा, कारण यातच सगळी कारागिरी आहे.

आधी बटर. ते स्लाइसच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत पोचलं पाहिजे. नुसतं मधे फासलं तर समजावं की घाईत आहे किंवा काटकसरीत. बटर चवीला असतंच, पण त्याचं खरं काम वेगळं. स्निग्ध थर असला की भाजीचं पाणी ब्रेडमध्ये लवकर मुरत नाही. त्याच्यावर चटणी, दोन्ही स्लाइसना. मग बटाटा, तो पसरट बसतो म्हणून खाली. मग बीट. मग काकडी. आमचा माणूस काकडी तिरकी धरून चिरतो, त्यामुळे चकत्या लांबट निघतात आणि चारपाच चकत्यांत अख्खी स्लाइस झाकली जाते. टोमॅटो मधोमध, ब्रेडला टेकू न देता, कारण सगळ्यात जास्त पाणी त्यालाच सुटतं. वर कांदा. आणि प्रत्येक थरावर मसाल्याची चिमूट. एकदाच शेवटी भुरभुरवणारा वेगळा आणि थराथराला टाकणारा वेगळा, दोघांच्या सँडविचमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मसाल्यात भाजलेलं जिरं, मिरी, बडीशेप, आमचूर आणि काळं मीठ ही साधारण मंडळी, बाकी प्रत्येकाचं आपलं गुपित. वरची स्लाइस ठेवली की तळहाताने एकदा दाबायचं आणि सुरी सरळ खाली. सहा तुकडे. कापताना टोमॅटो बाहेर घसरला नाही तर हात बसलेला आहे, या गाडीवर परत यायला हरकत नाही.

आता मागायचं कसं. सगळं एका दमात आणि तो पहिली स्लाइस हातात घ्यायच्या आत सांगायचं. माझं ठरलेलं वाक्य: “भैया, एक साधा, बटर हलकं, बटाटा कमी, काकडी-बीट जास्त, चटणी तिखट चालेल.” तो मान हलवतो आणि तसंच करतो, जादा पैसे लावत नाही, कारण बटाटा वाचतो तिथे काकडी जाते. हिंदी-मराठीची काळजी करू नका. फोर्टातल्या सँडविचवाल्याला भाज्यांची नावं सगळ्या भाषांत येतात. माझी गुजराती मैत्रीण गुजरातीत मागते, मी मराठीत, तो दोघींना हिंदीत उत्तर देतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कांदा-लसूण खात नाही म्हणून पुष्कळ जण सरळ ‘जैन’ मागतात आणि मग सँडविच पोकळ लागलं म्हणून कुरकुरतात. जैन म्हटलं की कांद्याबरोबर बटाटा आणि बीटही जातं, जमिनीखालचं काहीच राहत नाही, फार तर बटाट्याऐवजी उकडलेलं कच्चं केळं येतं. तुम्हाला बीट-बटाटा चालत असेल तर ‘कांदा नको’ एवढंच म्हणा आणि चटणीत लसूण आहे का ते विचारा. (केळ्याचं सँडविच वाईट नसतं, एकदा मुद्दाम खाऊन बघा.)

पावसाळ्यात मात्र माझा नियम बदलतो. जून ते सप्टेंबर कच्ची भाजी रस्त्यावर खायची नाही. तेव्हा मसाला टोस्ट. त्यात हळद-मोहरी-मिरचीची बटाट्याची भाजी असते, शिजलेली, आणि ती दांड्याच्या टोस्टरमध्ये घालून शेगडीवर दोन्ही बाजूंनी भाजतात. हा लांब दांड्यांचा टोस्टर अजून वापरणारा मिळाला तर त्याला धरून राहा. विजेच्या ग्रिलमध्ये सँडविच चपटं आणि कडक होतं, शेगडीवरच्याला बाहेरून पापडासारखी कड येते आणि आत लुसलुशीत राहतं. पण ‘टोस्ट केलंय, आता काही होत नाही’ या भरवशावर काकडी-टोमॅटो घालून घेऊ नका. तेवढ्या वेळात आतली काकडी जेमतेम कोमट होते, शिजत नाही. टोस्ट उतरवल्यावर वरून पुन्हा बटर फासायची त्यांना सवय असते. ‘ऊपर बटर मत लगाना’ हे टोस्ट शेगडीवर असतानाच सांगून टाकायचं.

एका साध्या सँडविचने भागतं का? माझं भागतं, पण अडीच वाजता पुन्हा भूक लागू नये म्हणून जोडीला काहीतरी घेते. ब्रेड, बटाटा आणि भाजी यांत प्रथिनं कमीच असतात. कोपऱ्यावरच्या चणे-शेंगदाणेवाल्याकडून एक पुडी आणि डेअरीतून ताकाची पिशवी, झालं पूर्ण जेवण. दुसरं सँडविच मागवण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं. भूक कमी असेल आणि ब्रेड नको असेल तर आमच्या गाडीवर मी नुसती भाजीची प्लेट मागते. काकडी, टोमॅटो, बीट, वर लिंबू आणि तोच मसाला, बाजूला चटणी. पाटीवर हे लिहिलेलं नाही, ओळख झाली की मिळतं. चीजचं म्हणाल तर किसणीवर डोंगर करून देतात, दिसायला छान, पण त्याच्याखाली बीटची चव मरते आणि पैसे दुपटीच्या वर जातात. आमच्या गल्लीत साधं 50 च्या आसपास, मसाला टोस्ट 70-80, आणि चीज ग्रिल 130 च्या पुढे. फोनवरून पैसे सगळीकडे चालतात, फक्त एकच्या गर्दीत नेट रखडतं, तेव्हा पन्नासची नोट जवळ असलेली बरी.

शेजारी फळवाला असतो, पपई, कलिंगड, अननस यांची प्लेट. कापून, क्लिंग फिल्म लावून रचलेली प्लेट घेऊ नका, समोर कापायला सांगा. तो कटकट करतो, करू द्या.

खाताना उभंच राहायचं आहे, तेव्हा पर्स खांद्यावर आडवी, ओढणी मागे. प्लेट छातीशी धरायची आणि तुकडा दोन बोटांनी कडेने उचलून थोडं पुढे वाकून खायचा, बीटचा डाग पांढऱ्या कुडत्यावरून सहज जात नाही. मधले दोन तुकडे आधी खा. त्यांना कवचाचा आधार एकाच बाजूने असतो, तेच पहिले ओले होतात. कोपऱ्यातले चार थांबू शकतात. सॉसची बाटली समोर ठेवलेली असते, तिला मी हात लावत नाही. चटणी पुन्हा मागा, ती फुकट असते आणि मागणाऱ्याला तो मनापासून वाढतो.

पार्सल शक्यतो नकोच. पण मार्च एंडिंगला खाली उतरायलाच मिळत नाही, तेव्हा शिपायाला पाठवताना चिठ्ठीवर लिहून द्या: साधं, टोमॅटो नको, चटणी वेगळी. टोमॅटो नसला की अर्धा तास तरी ब्रेड टिकतो. टोस्ट पार्सल मागवलंत तर कागदाचं तोंड उघडं ठेवायला सांगा, घट्ट गुंडाळलं की आतल्याच वाफेने ते चौथ्या मजल्यावर येईपर्यंत लिबलिबीत होतं. आणि दोघांचं मागवत असाल तर पुड्यांवर नावं घालून घ्या, नाहीतर साहेबांचं चीज तुमच्याकडे आणि तुमचं बीट साहेबांकडे जातं.