पीसीबीसाठी जुना लेझर प्रिंटर घ्यायला निघण्यापूर्वी

टोनर ट्रान्सफरने घरी पीसीबी (सर्किटचा बोर्ड) करायचा तर इंकजेट चालत नाही, लेझरच हवा. टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची शाई, ही प्लॅस्टिकची बारीक भुकटी असते. कागदावर उमटलेला ट्रॅक (सर्किटची रेघ) इस्त्रीच्या उष्णतेने पुन्हा वितळतो, कॉपर क्लॅडला (तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डाला) चिकटतो आणि तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये खालचं तांबं वाचवतो. त्यामुळे मिनिटाला किती पानं निघतात, वाय-फाय आहे का, हे प्रश्न घरीच ठेवून निघा. काळा किती भरीव येतो आणि माप किती बरोबर येतं, एवढंच दुकानात बघायचं आहे.

मॉडेल आधी ठरवून जा. रंगीत किंवा ऑल-इन-वनच्या मागे लागू नका. ऑफिसांमधून बाहेर पडलेले एचपी लेझरजेट 1020, पी1008 आणि कॅनन एलबीपी 2900 हे साधे काळे-पांढरे प्रिंटर आपल्याकडे भरपूर मिळतात. ते 600 डीपीआयचे (इंचाला 600 ठिपके) आहेत आणि घरगुती बोर्डाला तेवढं पुरतं. यांचा ड्रम, म्हणजे टोनर कागदावर उमटवणारा रूळ, कार्ट्रिजमध्येच असतो, म्हणजे कार्ट्रिज बदललं की ड्रमही नवा. 1020 चं 12ए कार्ट्रिज रिफिल करून देणारा तर जवळपास प्रत्येक गावात सापडतो. घरच्या कॉम्प्युटरसाठी ड्रायव्हर मिळतो का, तेही निघण्यापूर्वीच बघा. 1020 स्वतःचं फर्मवेअर (यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅम) साठवून ठेवत नाही, दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून घेतो. लिनक्स वापरणाऱ्यांनी ती जुळवाजुळव आधी समजून घ्यावी. सगळे टोनर सारख्या तापमानाला वितळत नाहीत, म्हणून ज्या मॉडेलवर कुणी प्रत्यक्ष बोर्ड केलेत तेच शोधा.

आता चाचणीचं पान. माझ्या मते सगळ्या तयारीत हेच सर्वांत महत्त्वाचं, ते निवांत बसून करा. पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर घ्या, कारण दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचं सॉफ्टवेअर नसणार. त्यात 5 सेंमी बाजूचा एक भरीव काळा चौकोन, 0.3, 0.5 आणि 0.8 मिमीचे समांतर ट्रॅक, बरोबर 100 मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ, आणि 40 पिनांच्या आयसीचे (चिपचे) पॅड, म्हणजे पिना जोडायच्या जागा, असू द्या. सोबत स्टीलची पट्टी आणि 40 पिनांचा एक आयसी बेस (आयसी बसवायचा सॉकेट) खिशात टाका.

छापताना ‘फिट टू पेज’ बंद करा, माप 100 टक्के ठेवा, इकॉनॉमी मोड काढा आणि काळेपणा सगळ्यांत जास्त करा. पहिली प्रत बाजूला ठेवा. आठ-दहा पानं निघून यंत्र तापलं की पुन्हा तेच पान छापा आणि दोन्ही प्रती ट्यूबलाइटसमोर धरा. चौकोनातून टाचणीच्या टोकाएवढा उजेड जिथे दिसेल, तिथे फेरिक क्लोराइड तांबं खाणार. मग बेस पॅडवर ठेवा. एका बाजूला 20 पिना, मधली अंतरं 19, प्रत्येक 2.54 मिमी, म्हणजे पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंत 48.26 मिमी. पहिली पिन मध्यावर आणि विसावी पॅडच्या कडेला गेली, तर माप चुकतंय. आडव्यापेक्षा उभ्या दिशेला चूक जास्त सापडते, कारण तिथे रोलर कागद कसा ओढतो यावर सगळं अवलंबून असतं. दर प्रतीत चूक तेवढीच असेल तर सॉफ्टवेअरमध्ये स्केल बदलून भागतं. दर वेळी वेगळी येत असेल तर तो प्रिंटर सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

डाग दिसले म्हणून मात्र लगेच उठू नका. एकच डाग सुमारे 75 मिमी अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष बहुधा ड्रमचा, कारण 24 मिमी व्यासाच्या ड्रमचा घेर तेवढाच असतो. कार्ट्रिजचा खर्च किमतीतून वजा करून मागा. बोटाने घासल्यावर काळं निघत असेल तर फ्यूजर (टोनर कागदावर वितळवून बसवणारा गरम भाग) नीट तापत नाही, आणि तो खर्च मोठा. शंका राहिलीच तर पान अर्धं आत असताना झाकण उघडा आणि फ्यूजरपर्यंत न पोचलेला भाग बघा. तिथे छपाई स्वच्छ असेल तर दोष फ्यूजरमध्ये, तिथेच डाग असेल तर कार्ट्रिजकडे बघा. फ्यूजरला हात लावू नका, चटका बसतो.

कागद स्वतःचा न्या. मासिकाची गुळगुळीत पानं मी ए4 मापात कापून नेतो. पातळ गुळगुळीत कागद घसरला तर कागद आत ओढणारा पिकअप रोलर गुळगुळीत झालाय. तो बदलता येतो, फार महाग नाही. इंकजेटचा फोटो पेपर किंवा इंकजेटची ओएचपी (पारदर्शक) शीट मात्र चुकूनही घालू नका. त्यावरचं प्लॅस्टिक फ्यूजरवर वितळून बसतं आणि चालता प्रिंटर तिथेच संपतो.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल, तर कॉपर क्लॅड आणि फेरिक क्लोराइड त्याच फेरीत घेऊन टाका. प्रिंटर घरी आणताना कार्ट्रिज बाहेर काढून काळ्या कापडात गुंडाळा, कारण उजेडाने ड्रम खराब होतो आणि हिसक्यांनी टोनर सांडतो. सांडलाच तर फुंकर मारू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि हात गार पाण्यानेच धुवा. घरी तो छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजर तापताना करंट एकदम ओढतो, म्हणून थेट भिंतीतला सॉकेट द्या.