छोट्या रुळांवरची जुनी इंजिने जतन करताना या चुका टाळा

सांगली-मिरज भागात अरुंद रुळांवरचे वाफेचे इंजिन दिसले, की 'ही बार्शी लाइटची गाडी' असे सर्रास म्हटले जाते. १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचलेल्या त्या रेल्वेच्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते, तर कारखाने आणि खाणींच्या अनेक खासगी मार्गांवर ते ६१० मिलिमीटर असे. माहितीफलक रंगवण्यापूर्वी दोन्ही रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर मोजावे. रूळ नसतील, तर चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर मोजता येते, पण ते रुळांच्या मापापेक्षा कमी भरते. निर्मात्याच्या पितळी पाटीवरही एकदम विश्वास ठेवू नये, कारण एका इंजिनाचे भाग दुसऱ्याला बसवण्याची कारखान्यांत रीत होती. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर ठोकलेले क्रमांक आधी टिपून घ्यावेत. सॅण्डब्लास्टिंगची, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढण्याची, घाई केल्यास हे पुसट आकडे कायमचे जातात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र पावसाने होते, आणि ते बाहेरून दिसत नाही. चिमणी उघडी राहिली, की पाणी थेट धूरपेटीत, म्हणजे चिमणीखालच्या धूर जमणाऱ्या कप्प्यात, उतरते, तिथल्या जुन्या राखेत आणि काजळीत मुरते आणि त्यातील गंधकामुळे आम्लधर्मी होऊन तळाचा पत्रा आतून खाते. वरून रेड ऑक्साइड आणि चकचकीत काळा रंग लावून देखभाल झाली असे मानणारे मला तरी फार भेटतात! मृगाआधी धूरपेटी व राखपेटी पूर्ण साफ करावी, चिमणीवर हवा खेळेल असे टोपण बसवावे आणि पाण्याच्या टाक्यांचे निचरे उघडे ठेवावेत. रूळ सिमेंटच्या ओट्यात गाडले असतील, तर चाकांच्या कडांभोवती पाणी साचते. तिथे उताराची चर काढावी.

चाके जाम असतील, तर ट्रॅक्टरने ओढू नये. न फिरता घसटलेली चाके एका जागी चपटी होतात आणि दांडे वाकतात. आधी ब्रेक पूर्ण सैल आहेत का ते पाहावे, सांध्यांत भेदक तेल सोडून काही दिवस मुरू द्यावे आणि पिस्टनकडून येणारे दांडे सोडवावेत. मग चाके फिरली, तर दोष सिलिंडरमध्ये आहे. तरीही फिरली नाहीत, तर ॲक्सलबॉक्स, म्हणजे चाकांच्या आसाला आधार देणाऱ्या पेट्या, उघडून पाहावेत. बॉयलरभोवतीचे पांढरट वेष्टण ॲस्बेस्टॉसचे असू शकते, म्हणून नमुन्याची तपासणी होईपर्यंत ते खरवडू नये किंवा झाडूने झटकू नये.