पॅच लागला म्हणे, फाइल मात्र जशीच्या तशी

दीड दिवस गेला यात. व्हेंडर फोल्डरमधल्या (बाहेरून आणलेला कोड असतो तिथे) एका पीएचपी लायब्ररीला दोन ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची फाइल, लावायचा होता. तिच्या फोल्डरमध्ये जाऊन गिट अप्लाय (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची पॅच लावायची कमांड) चालवलं. एरर नाही, एक्झिट कोड 0, म्हणजे सगळं ठीक. फाइल उघडली तर जुनाच कोड! आधी कॅशवर संशय घेतला, मग लाइन एंडिंगवर. उगाचच.

शेवटी व्हर्बोज (सविस्तर माहिती दाखवणारा ऑप्शन) लावलं, तेव्हा ‘स्किप्ड पॅच’ अशी ओळ दिसली. भानगड अशी: त्या फोल्डरला स्वतःचं डॉट-गिट (गिट आपल्या नोंदी ठेवतं ते फोल्डर) नव्हतं, म्हणून गिट वरच्या फोल्डरांत चढत गेलं आणि त्याला आमच्या प्रोजेक्टची रेपो (गिट सांभाळतं तो अख्खा कोड) सापडली. मग पॅचमधला पाथ त्याने त्या रेपोच्या रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, धरला. ती फाइल आपण उभे आहोत त्या फोल्डरबाहेरची ठरली, आणि असल्या फाइली गिट गुपचूप सोडून देतं. निदान ओरडायचं तरी!

रूटवर जाऊन गिट अप्लायच्या डिरेक्टरी ऑप्शनला लायब्ररीचा पाथ दिला, पॅच लागला. सीआयवर (टेस्ट वगैरे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) मात्र स्क्रिप्ट आतल्या फोल्डरातच चालते. तिथे गिट सीलिंग डिरेक्टरीज या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये प्रोजेक्टचा अ‍ॅब्सोल्यूट (पूर्ण) पाथ टाकला, म्हणजे गिट तिथवर चढतच नाही आणि पॅचमधला पाथ आपण उभे आहोत त्या फोल्डरपासूनच धरतं.