किनारी शोध-बचावाचा सराव: रेडिओवर बोलताना या चुका टाळा

सराव संपल्यावरच्या बैठकीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "रेडिओ चालतच नव्हता!" संच तपासावा तर तो ठणठणीत. बिघाड बहुतेक वेळा आपल्या बोलण्यात, नाहीतर आदल्या दिवशी राहून गेलेल्या तयारीत निघतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी. सरावाचा संदेश कुणाला खरा वाटता कामा नये. समुद्री व्हीएचएफचा, म्हणजे बोटी-जहाजांवरच्या रेडिओचा, १६ नंबरचा चॅनल (१५६.८ मेगाहर्ट्झ) संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी आहे. त्यावर सरावाची बोलणी करायची नाहीत. 'मेडे' हा जीव धोक्यात असल्याची हाक देणारा शब्द तर लुटुपुटूचा म्हणून कुठल्याच चॅनलवर उच्चारायचा नाही. त्याच्या जागी आधी ठरवलेला शब्द घ्या आणि संदेशाच्या सुरुवातीला नि शेवटी 'सराव, सराव, सराव' म्हणा. हॅम (हौशी रेडिओचा) परवाना आहे म्हणून समुद्री चॅनलवर बोलायची मुभा मिळत नाही, हेही नव्या मंडळींना बजावून ठेवा. उपग्रहाकडे मदतीची हाक पाठवणारं ४०६ मेगाहर्ट्झचं संकट-बीकन 'चालतंय का बघू' म्हणून कधीही सुरू करू नका. उपग्रहाला तुमचा सराव कळत नाही. तपासायचंच तर बीकनवरची चाचणीची सोय वापरा.

याची दुसरी बाजू हमखास विसरली जाते. सराव चालू असताना कुणी खडकावरून खरंच घसरलं तर? ऐकणारे तेही नाटकच समजतील. ब्रिटिश पद्धतीत अशा वेळी 'नो डफ' म्हणतात. तुम्ही काहीही म्हणा, पण शब्द एकच असावा, तो सगळ्यांना पाठ असावा आणि तो ऐकला की सराव जागच्या जागी थांबावा.

आकडे

माझ्या मते निम्मा घोळ इथे होतो, आणि त्यात मराठीचा हातभार मोठा आहे. त्रेपन्न आणि त्रेसष्ट वाऱ्याच्या घोंघाटात वेगळे काढून दाखवा! त्यात बटण दाबल्या दाबल्या बोलायची घाई. रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारं यंत्र) जागा होईपर्यंत पहिला तुकडा गिळला जातो. तुम्ही 'एकोणसत्तर' म्हणता आणि पलीकडचा 'सत्तर' लिहून घेतो. म्हणून बटण दाबा, सेकंदभर थांबा, मग 'सहा, नऊ' असा एकेक अंक सुटा बोला. सात आणि आठही कानाला जवळचे आहेत, तेव्हा ऐकणाऱ्याने आकडा परत वाचून दाखवलाच पाहिजे. नुसतं 'रॉजर' म्हणजे संदेश मिळाला, एवढंच. तो बरोबर उतरवला की चूक, ते त्यातून कळत नाही.

स्थान सांगताना तर आकडे बरोबर असूनही बोट चुकीच्या जागी जाते. समजा कुणी अक्षांश १२ अंश ३०.५० मिनिटं असा सांगितला. ऐकणाऱ्याने तो ३० मिनिटं ५० सेकंद असा लिहिला, तर सहाशे मीटरहून जास्त फरक पडला. त्याने १२.३०५० अंश असं यंत्रात घातलं, तर साडेबावीस किलोमीटर! कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. सगळ्या पथकांच्या जीपीएसवर एकच मांडणी लावून घ्या आणि बोलताना 'अंश', 'पॉइंट', 'मिनिटं' हे शब्द गाळू नका. वेळेचंही तसंच: स्थानिक की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), ते सकाळीच ठरलेलं बरं.

'ऐकूच येत नाही'

लगेच पॉवर वाढवू नका. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर, त्याचा अंदाज येतो. २ मीटरला सुमारे ६ किलोमीटर, ५० मीटरच्या टेकाडावर २९. दोन्ही टोकांचे आकडे मिळवले की साधारण पल्ला कळतो. म्हणजे हँडसेट घेऊन वर चढणं हा फुकटचा उपाय आहे. कमरेला लटकवलेल्या सेटच्या वाटेत तुमचं स्वतःचंच शरीर येतं, तेव्हा तो वर धरा आणि अँटेना उभी ठेवा. मध्ये डोंगराचं टोक आडवं आलं तर कितीही वॅट लावा. तिथे निरोप पुढे पोचवणारा माणूस बसवायला हवा.

रिपीटर ऐकू येतो, पण तुमच्या हाकेला उठत नाही? टोन (रिपीटरला जागं करणारा ठरावीक सूर) आणि ऑफसेट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या वारंवारतेतला फरक) तपासा. शेजारच्याच्या सेटवर जमतंय आणि तुमच्यावर नाही, तर चूक याच सेटिंगमध्ये आहे हे जवळपास पक्कं.

अचानक सगळं चॅनल बंद पडलं आणि सेटमधून फक्त इंजिनची घरघर येतेय, तर कुणाचं तरी बटण दाबलं गेलं आहे. मी स्वतः एकदा माइकवर बसलो होतो आणि 'आज सगळे इतके गप्प का' म्हणून खूश होतो. चॅनल अडवणाऱ्याला तुमची हाक ऐकू येत नसते, त्यामुळे ओरडून उपयोग नाही. बाकीच्यांनी ठरलेल्या पर्यायी चॅनलवर जायचं, नेट कंट्रोलने (चॅनलवरची बोलणी सांभाळणाऱ्याने) तिथे हजेरी घ्यायची. जो येत नाही, तोच तो. हा पर्यायी चॅनल कागदावर नसेल तर मात्र कुणीच कुणाला सापडत नाही.

वाऱ्यात माइक तोंडासमोर न धरता गालाजवळ तिरका धरा आणि वाऱ्याकडे पाठ करा. जादा बॅटरी बोटीत कोरड्या पिशवीत ठेवा, गाडीत नको.

परतल्यावर सेट तसाच चार्जरवर लावू नका. सेट पाण्यात टिकणारा असेल तर झाकणं घट्ट आहेत हे पाहून गोड्या पाण्याने खार धुवा, बॅटरीचे संपर्क कोरडे पुसा आणि मगच चार्जिंगला लावा.